चोविशीपर्यंतचं लेकरू

अमेरिकेविषयी आपल्याकडे एक समज पक्का बसला आहे. तिकडे पोरगं अठराचं झालं की आईबाप त्याला घराबाहेर काढतात, मग ते कमावतं आणि आपल्या पैशानं शिकतं. मुलांच्या लाडांपासून म्हाताऱ्यांच्या औषधपाण्यापर्यंत कुठल्याही घरगुती वादात हा समज पुरावा म्हणून पुढे येतो. प्रत्यक्षात कॉलेजच्या खर्चासाठी सरकारकडे मदत मागणारा तेवीस वर्षांचा अमेरिकन तरुण कायद्याच्या लेखी आईबापांच्या पदराखालीच असतो. तो मतदान करतो, बंदूक घेऊन युद्धावर जाऊ शकतो. शिक्षणाच्या मदतीपुरती मात्र बापाची मिळकत हीच त्याची ऐपत.

ही मदत ‘फाफ्सा’ नावाच्या अर्जावर ठरते. परत न करावं लागणारं पेल अनुदान (2025-26 साठी कमाल 7,395 डॉलर) आणि सरकारी कर्ज, दोन्हींची वाट त्यातूनच जाते. अर्जदार ‘डिपेंडंट’ की ‘इंडिपेंडंट’, हा त्यातला कळीचा मुद्दा. 2025-26 साठी 31 डिसेंबर 2001 ला जन्मलेला स्वतंत्र आणि 1 जानेवारी 2002 ला जन्मलेला अवलंबून. त्याहून लहान असूनही सुटायचं तर लग्न झालेलं हवं, पदरी मूल हवं, सैन्यातली नोकरी हवी, पदव्युत्तर शिक्षण चालू हवं; नाहीतर अनाथ किंवा बेघर तरी असायला हवं. आणखी एक-दोन वाटा आहेत. स्वतःच्या कमाईवर जगणं ही त्यातली वाट नाही.

समजा, बावीस वर्षांची एक मुलगी गोदामात रात्रपाळी करते, चार वर्षं स्वतः घरभाडं भरते. घरचे करविवरणातही तिचं नाव दाखवत नाहीत. तिच्या अर्जात वडिलांचा ईमेल भरावा लागतो. मग वडिलांनी स्वतःचं खातं उघडायचं आणि करखात्याकडची आपली माहिती घ्यायला संमती द्यायची. त्यांनी ते केलं नाही तर तिच्या मदतीचा हिशोबच होत नाही. आणि केलं, पण खिशात हात घातला नाही, तरी त्यांची मिळकत तिच्या नावावर मोजली जाते. न मिळालेल्या पैशामुळे ती सधन ठरते! तिच्याच वर्गातल्या मुलीनं एकोणिसाव्या वर्षी लग्न केलं असेल, तर तिच्या बापाकडे कुणी ढुंकूनही बघत नाही.

हा नियम काही लहरीपणानं आलेला नाही. 1965 च्या उच्च शिक्षण कायद्यानं ही मदत सुरू केली, ती खर्चाची पहिली जबाबदारी कुटुंबाची असं धरूनच. पूर्वी स्वावलंबन तपासलं जायचं: घरी सहा आठवड्यांहून जास्त राहिलात का, आईबापांनी ठरावीक रकमेहून जास्त पैसे दिले का. अशा चाचणीला पळवाटा फुटणारच. खातीपिती घरं कागदावर मुलं वेगळी काढू लागतील, ही भीती रास्त होती. म्हणून 1986 मध्ये चोविशीची रेघ ओढली गेली आणि 1992 मध्ये कमाई दाखवून सुटायची उरलेली वाटही बुजवली. तरी पळवाट निघालीच. 2019 मध्ये उघडकीला आलं, की शिकागोच्या आसपासची काही सधन कुटुंबं मुलांचं पालकत्व कोर्टामार्फत नातेवाइकांच्या नावे करत होती, म्हणजे मुलं ‘स्वतंत्र’ होतील. वकील परवडणाऱ्याला रेघ ओलांडता आली. गोदामातली मुलगी अलीकडेच राहिली.

तिच्यासाठी कॉलेजातल्या मदत-अधिकाऱ्याचा दरवाजा आहे. मारहाण झाली, घरातून हाकललं, असं समाजसेवक, धर्मगुरू वा पोलिसांच्या कागदानं दाखवता आलं तर तो तिला स्वतंत्र ठरवू शकतो. पण आईबाप पैसे देत नाहीत, माहिती देत नाहीत, मी माझं कमावते, ही कारणं एकत्र मांडली तरी पुरत नाहीत, असं नियमच सांगतो. मग तिच्या वाट्याला येतं ते पहिल्या दिवसापासून व्याज चढणारं कर्ज, तेही पहिल्या वर्षी 5,500 डॉलरपर्यंत. स्वतंत्र विद्यार्थ्याला 9,500 मिळू शकतात. मुलगा समलिंगी आहे म्हणून बापानं बोलणं टाकलं, तर त्या मुलाला आपलं घरगुती दुखणं परक्या कचेरीत कागदोपत्री सिद्ध करावं लागतं.

आपण हसायचं कारण नाही. आपल्याकडे नॉन-क्रीमीलेअरच्या दाखल्याला उत्पन्न बघतात ते आईवडिलांचं, उमेदवार तिशीचा असला तरी. लग्न झालेल्या मुलीलाही माहेरचेच कागद जमवत हिंडावं लागतं. एक फरक मात्र आहे. आपला दाखला कुठल्या घरात वाढलात ते विचारतो, आणि त्याचं उत्तर लग्नानं बदलत नाही. ‘फाफ्सा’ विचारतो, पैसे कोण देणार, आणि नको त्या माणसाकडे बोट दाखवतो.

तिकडच्या मराठी घरांना तर याच सरकारचं दुसरं गणितही ठाऊक आहे. एच-1बी वर गेलेल्यांची मुलं एच-4 वर असतात, आणि ग्रीन कार्डाच्या रांगेत असतानाच एकवीस वर्षं पूर्ण झाली की तो दर्जा संपतो. व्हिसाच्या कायद्यात एकविशीला मूलपण सरतं, शिक्षणाच्या मदतीत ते चोविशीपर्यंत लांबतं. यात मेळ आहे तो एकच, की दोन्हीकडे सरकारची तोशीस वाचते. एच-4 वरच्या मुलांना तर केंद्राची ही मदत मुळातच नाही.

माझा आक्षेप वयाला नाही. कुठेतरी रेघ ओढावी लागतेच. आईबापांवर सरकारनं भार टाकला, तर तो त्यांच्याकडून वसूल करायची धमकही दाखवावी. अमेरिकेत बहुतेक राज्यांत अठरानंतर मुलाला शिकवायचं कायदेशीर बंधन आईबापांवर नाही. न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयानं 1982 मध्ये घटस्फोटितांना कॉलेजचा खर्च द्यायला लावण्याची वाट उघडली, पण गुण्यागोविंदानं नांदणाऱ्या जोडप्याला सहसा कुणी विचारत नाही. जर्मनीही आईबापांची मिळकत बघते, पण तिथे मुलाचं शिक्षण पुरं करणं हे कायद्यानंच त्यांचं कर्तव्य आहे. ते हात वर करून मोकळे झाले आणि शिक्षण अडलं, तर तिथली कचेरी विद्यार्थ्याला आधी पैसे देते आणि मग आईबापांच्या मागे लागते. भांडण सरकार आणि बाप यांच्यात होतं, मुलगी वर्गात बसलेली असते. वॉशिंग्टननं 2020 मध्ये ‘फाफ्सा’ सोपा करायचा कायदा केला, प्रश्नांची संख्या निम्म्याहून खाली आणली. ही वसुली स्वतःच्या अंगावर घ्यायचं मात्र टाळलं.