रुचीची साक्ष

रुचीविषयीं वाद घालूं नये, असें म्हणण्याचा प्रघात आहे. पण रुचि केवळ ज्याच्या त्याच्या जिभेची असेल, तर महाग वस्तूची स्तुति करतांना मनुष्य चारचौघांकडे कां पाहतो, हें कळत नाहीं.

व्हिस्कीचें उदाहरण घेऊं. न पिणाऱ्या वाचकांनीं तें चहाचें समजावें. टीचर्स ही स्कॉच व जेमसन ही आयरिश, दोन्ही बेताच्या किंमतीच्या. पहिलीला पीटचा, म्हणजे दलदलींत दबून राहिलेल्या वनस्पतींच्या जळणाचा, धुरकट वास आहे. कारण तिच्यांतील कांहीं माल्ट त्या धुरावर वाळविलेलें असतें. दुसरी तीन वेळां ऊर्ध्वपातित केलेली, म्हणून जिभेस मऊ. हा भेद पेल्यांत आहे, पिणाऱ्याच्या लहरींत नाहीं. आवड ज्याची त्याची असेल. धूर सर्वांचा आहे.

मात्र भेद ओळखणें निराळें आणि श्रेष्ठत्व ठरविणें निराळें. १८३० सालीं आयर्लंडमधील माजी अबकारी अधिकारी ईनियस कॉफी यानें अखंड चालणाऱ्या भट्टीचें पेटंट घेतलें. तिच्यांतून धान्याचें हलकें मद्य स्वस्तांत निघूं लागलें, आणि स्कॉट लोकांनीं त्याचें मिश्रण करून बाजार जिंकला. डब्लिनच्या चार नामांकित कारखानदारांनीं १८७८ मध्यें पुस्तक काढून या मद्यास व्हिस्की म्हणणें ही फसवणूक आहे, असा पुकारा केला. १९०९ मध्यें ब्रिटिश रॉयल कमिशननें तीहि व्हिस्कीच, असा निकाल दिला. आमच्या मतें तो योग्य होता. डब्लिनकरांचा राग अगदींच पोकळ नव्हता. पण आजच्या जेमसनमध्येंहि तें हलकें मद्य असतेंच, आणि त्यानें तिची गोडी उणी झाली असें आम्हांस वाटत नाहीं.

खरी अडचण किंमतीची. रंगावर विसंबावें, तर कारमेल घालून तो गडद करण्यास दोन्हीकडे कायद्याची मुभा आहे. बाटल्यांवरील चिठ्ठ्या झांकून दोन पेले पुढें ठेवले, कीं कालचा बोलका रसिक अडखळतो. स्वस्त पेला आवडला तर आपणहि स्वस्त ठरूं, अशी त्यास भीति वाटते. अशा भीतीनें जो न आवडलेलें आवडलें म्हणतो, तो कोणाचें नुकसान करीत नाहीं, असें म्हणतात. आम्हांस तें पटत नाहीं. त्याची जीभ हळूहळू साक्ष देण्याचेंच सोडते, आणि मग ग्रंथ, गायन, मित्र यांविषयींहि तो चिठ्ठी पाहूनच बोलतो; महाविद्यालयांत हें आम्हीं पुष्कळ पाहिलें आहे.

आमचा स्वतःचा कौल टीचर्सकडे आहे, तोहि पाणी बेतानें असेल तर. जास्त झालें कीं धूर विरतो, आणि जेमसन पुढें जाते.