गाठीपर्यंत पोचलेला श्वास

पाठ टेकून बसा. गावात असाल तर घराच्या ओट्यावर, दुसरीकडे असाल तर जिथे आहात तिथेच. घाई नको. एक श्वास आत घ्या आणि मनाने त्याच्या मागे चला.

बाहेरच्या हवेत प्राणवायूचा दाब पाऱ्याच्या साधारण 160 मिलिमीटर इतका असतो. फुप्फुसाच्या आत तो 100 च्या आसपास येतो. तिथून रक्त त्याला उचलून केसाहून बारीक वाहिन्यांत नेतं. निरोगी अवयवाच्या पेशींपाशी सुमारे 40 उरतो, आणि तेवढा त्यांना पुरतो. श्वास सोडा.

आता मन कर्करोगाच्या एका गाठीपाशी न्या. खर्रा खाणाऱ्या काकांच्या गालातली असेल, एखाद्या मावशीच्या गर्भाशयाच्या तोंडाशी असेल. भीती वाटली तर वाटू द्या.

गाठ भराभर वाढते. तिच्या रक्तवाहिन्या वेड्यावाकड्या, कुठे मध्येच बुजलेल्या. पाटाचं पाणी पहिल्या वाफ्यांतच मुरावं आणि शेवटचा वाफा कोरडा राहावा, तसा जवळच्या पेशीच सगळा प्राणवायू संपवतात. रक्तवाहिनीपासून जेमतेम 0.15 मिलिमीटरवर तो सरतो. 1955 साली इंग्लंडमध्ये टॉमलिन्सन आणि ग्रे यांनी फुप्फुसाच्या गाठींचे काप सूक्ष्मदर्शकाखाली मोजले, तेव्हा रक्तापासून दूरच्या पेशी मेलेल्या दिसल्या. मेलेल्या आणि धडधाकट पेशींच्या मधल्या सीमेवर काही पेशी अर्धपोटी तग धरून असतात. त्यांच्यापाशी जरा थांबा. सगळा प्रश्न त्यांचाच आहे.

किरणोपचाराचा शेक देताना किरण पेशीतल्या पाण्याला फोडतात आणि त्यातून सुटलेले अस्थिर कण डीएनएला जखम करतात. जवळ प्राणवायू असला तर तो त्या जखमेशी जोडला जातो आणि ती पक्की होते. नसला तर जखम बरीचशी भरून येते. म्हणून उपाशी पेशी मारायला अडीच ते तीन पट मात्रा लागते. आपल्याला जगवणारा वायूच गाठ मारायला हवा असतो, हे मला अजूनही फार मोठं वाटतं. त्यावर दोन श्वास घालवा.

जर्मनीत माइन्झला होकेल आणि फाउपेल यांनी 1990 च्या दशकात बारीक सुई गर्भाशयमुखाच्या गाठीत थोडीथोडी पुढे सरकवत प्राणवायूचा दाब मोजला. एकाच गाठीत एका जागी पुरेसा, थोडं पुढे जवळजवळ शून्य. ज्या बायकांच्या गाठीत मधला आकडा 10 च्या खाली होता, त्यांचा आजार जास्त वेळा उलटला. ही सुई रोजच्या उपचारात आली नाही. डेन्मार्कमध्ये घशाच्या कर्करोगात शेकाआधी निमोराझोलची गोळी देतात. ती प्राणवायूची उणीव थोडी भरून काढते. आपल्याकडे डॉक्टर प्राणवायू वाहून नेणारं हिमोग्लोबिन पाहतात आणि बिडी सोडायला सांगतात. बिडीच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्तातली प्राणवायूची जागाच अडवतो. तो सल्ला कानाआड करू नये.

आता रोजच्या शेकाकडे पाहा. आठवड्यातून पाच दिवस, पाच-सात आठवडे. एकदाच का देत नाहीत, असं घरचे विचारतात. निरोगी पेशींना सावरायला वेळ हवा, हे एक कारण. दुसरं गाठीच्या आत घडतं: आजच्या शेकाने रक्ताजवळच्या पेशी मरतात, त्यांचा वाटा उरतो आणि तो मागच्या उपाशी पेशींपर्यंत पोचतो. पुढच्या शेकाला त्या उघड्या पडतात. अकोला, नागपूर किंवा मुंबईच्या टाटा रुग्णालयातला, दादरला गाडगे महाराजांच्या धर्मशाळेत राहून काढलेला प्रत्येक दिवस या कामी येतो.

मध्ये खंड पडला तर उरलेल्या पेशी पुन्हा वाढू लागतात. गर्भाशयमुखाच्या कर्करोगात सगळा उपचार आठ आठवड्यांत पुरा व्हावा, असा डॉक्टरांचा आग्रह असतो. आणि एखाद्या रुग्णाच्या घरी नेमकं तेव्हाच सोयाबीन सोंगणीला आलेलं असतं. डोळे मिटून ठरवा: त्या घरचं सोयाबीन यंदा कोण सोंगेल, आणि त्यांना आज कोण विचारायला जाईल.