याचकाचे गाव

श्रीमद्भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायात श्रीभगवंतांनी दानाचे सात्त्विक, राजस आणि तामस असे तीन भेद सांगितले आहेत, हे आपणा सर्वांस ठाऊक आहे. सात्त्विक दान करताना देश, काल आणि पात्र यांचा विचार करावा, असेही तेथे सांगितले आहे. गृहस्थाची दानबुद्धी शुद्ध व्हावी, हाच त्या उपदेशाचा हेतू. परंतु व्यवहारात मात्र याच उपदेशाच्या आधाराने आपण आपला हात आखडता घेतो. 'पात्र पाहून द्यावे' हे वाक्य न देण्याकरिताच अधिक वेळा उच्चारले जाते की काय, अशी मला पुष्कळदा शंका येते.

काही वर्षांपूर्वी गीताजयंतीच्या निमित्ताने बंगळूरच्या चिकपेटेत एका मराठी गृहस्थांच्या घरी निरूपणाचा योग आला. केंपेगौडांनी १५३७ च्या सुमारास वसविलेल्या जुन्या नगरातील ही पेठ. चिकपेट म्हणजे धाकटी पेठ आणि दोड्डपेट म्हणजे थोरली पेठ. थोरलीला आज अव्हेन्यू रोड म्हणतात. खाली रेशमी लुगड्यांची दुकाने, वर माणसांची वस्ती. १६३८ साली विजापूरच्या आदिलशाहीने बंगळूर जिंकल्यावर ते शहाजीराजांना जहागीर म्हणून मिळाले. तेव्हापासून या भागात मराठी भाषेचा वावर आहे. शिंपी, भावसार, रंगारी अशा कित्येक घरांत अजून मराठी बोलली जाते. ती ऐकताना तिच्यात कानडीचे हेल आणि तेलुगूचे शब्द सापडतात. शेजारी मारवाडी, गुजराती, तमिळ, देवांग विणकर. थोडक्यात सांगायचे तर, या पेठेत जो तो कोठून तरी आलेलाच आहे.

निरूपण आटोपल्यावर एक वृद्ध व्यापारी म्हणाले, "बुवा, आपण दयेचे सांगता ते पटते. पण हे जे उत्तरेकडून लोंढे येतात, त्यांना काय म्हणावे? यांना कष्टाची सवय नाही. गावी शेत असते, ते पिकवीत नाहीत." त्यावर दुसरे एक गृहस्थ म्हणाले, "उत्तर हिंदुस्थानच कशाला? यादगीर, रायचूर, कलबुर्गीकडची माणसे पाहा ना. मिळेल ते त्याच दिवशी उडवतात." मी त्यांना विचारले, "आपले नातेवाईक कोणी अडचणीत नाहीत काय?" ते चटकन म्हणाले, "आहेत की! माझा पुतण्या. बिचाऱ्याचे नशीबच फुटके, तीन धंदे काढले, तिन्ही बुडाले."

वाचकहो, त्या एका उत्तरात सगळा विषय आला. आपला गरीब दैवाने गरीब असतो. परका गरीब दोषाने गरीब असतो. आपल्या पुतण्याचा धंदा बुडाला तर बाजार मंदावलेला होता, आणि परक्या मजुराच्या घरी चूल पेटली नाही तर तो आळशी. सदोष प्रांत, सदोष जात, सदोष वर्ण असे शिक्के मारून आपण कोट्यवधी जिवांचा निकाल एका वाक्यात लावतो. आणि गंमत पाहा, हा शिक्का फिरता असतो. मुंबईत १९६० च्या दशकात दक्षिणेतून आलेल्या माणसांविषयी जे बोलले गेले, तेच २००८ साली उत्तरेतून आलेल्यांविषयी बोलले गेले. मराठवाड्यातून ऊसतोडीला येणाऱ्या टोळीविषयी पश्चिम महाराष्ट्रातील बागाइतदाराच्या ओसरीवर काय बोलले जाते, ते ऐकावे. तेथे भाषाही एक, राज्यही एक, देवही एक. तरी वाक्य तेच.

या शिक्क्याने जीव जातो, हे आपण विसरू नये. १८७६ ते १८७८ या काळात दक्षिणेत मोठा दुष्काळ पडला. मैसूर संस्थान तेव्हा इंग्रजांच्या थेट कारभाराखाली होते. त्या संस्थानातील सुमारे एक पंचमांश लोक त्या दुष्काळात गेले. त्या वेळी सर रिचर्ड टेंपल यांना पाहणीकरिता दक्षिणेत पाठविण्यात आले. याच गृहस्थांनी १८७४ साली बिहारच्या दुष्काळात भरपूर तांदूळ आणवून माणसे वाचविली होती. आणि त्याबद्दल सरकारदरबारी त्यांच्यावर उधळपट्टीचा ठपका आला होता. दक्षिणेत येताना त्यांनी तो धडा लक्षात ठेवला. दुष्काळी कामावरील मजुराला दिवसाला एक पौंड धान्य आणि वर किरकोळ पैसा, एवढ्यावर मजुरी आणली गेली. कशाकरिता? तर मदत सुखाची झाली की लोक आळशी होतात, म्हणून. विलायतेत १८३४ च्या गरिबांविषयीच्या कायद्यात हीच बुद्धी होती. मात्र येथे तिच्यात वर्णाचा अहंकार मिसळला. मुंबई इलाख्यातील दख्खनच्या हजारो मजुरांनी ती मजुरी नाकारून कामे सोडली, आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने, म्हणजे गणेश वासुदेव जोशी यांच्या संस्थेने, त्यांची बाजू मांडली. परकी राजवट गेली. पण 'गरिबाला सुखाने खाऊ दिले तर तो बिघडेल' हा टेंपलसाहेबांचा सिद्धांत आपण आपल्या दुकानाच्या गल्ल्यापाशी तसाच जपून ठेवला आहे.

आता शास्त्राकडे वळू. कोणी म्हणेल, पात्रापात्र पाहावे असे गीतेनेच सांगितले आहे. मान्य आहे. पण त्याच श्लोकात आणखी एक शब्द आहे, अनुपकारी. ज्याच्याकडून प्रत्युपकाराची आशा नाही, त्याला दिलेले दान सात्त्विक. आता विचार करा. आपल्या जातीच्या, आपल्या गावच्या माणसाला दिले, तर तो उद्या लग्नकार्यात आपले नाव घेईल, संस्थेच्या निवडणुकीत हात वर करील, निदान चार लोकांत कृतज्ञता बोलून दाखवील. दूरच्या प्रांतातून आलेला, आपली भाषा न बोलणारा, परवा काम संपताच निघून जाणारा मजूर यातले काय करणार? काहीच नाही. म्हणून माझ्या अल्पमतीप्रमाणे तोच अनुपकारी, आणि भगवंतांच्या मोजमापाने तोच उत्तम पात्र. आपण त्याच्या परकेपणाला दोष मानतो. शास्त्राच्या दृष्टीने तीच त्याची योग्यता आहे.

शिवाय तामस दानाचे लक्षण सांगताना भगवंतांनी सत्काराचा अभाव आणि अवज्ञा हे दोन दोष स्पष्ट सांगितले आहेत. दिले, पण तुच्छतेने दिले, तर ते दान तमोगुणात गेले. दान देताना 'तुमचे लोक असेच' एवढे शब्द जोडले की पुण्य तर गेलेच, वर अवज्ञेचे पाप पदरी पडले. आणि सोळाव्या अध्यायात आसुरी संपत्तीच्या माणसाचे मनोगत आले आहे. तो स्वतःला धनवान आणि कुलीन म्हणवितो, माझ्यासारखा दुसरा कोण आहे असे विचारतो, आणि त्याच श्वासात आपण दानही करू म्हणतो. तेव्हा केवळ दान केल्याने मनुष्य दैवी संपत्तीत येत नाही, हे गृहस्थांनी नीट ध्यानात घ्यावे.

राहिला प्रारब्धाचा प्रश्न. 'ज्याचे कर्म तो भोगतो, आपण मध्ये का पडावे?' हे विचारणारे सज्जन स्वतःचा ताप प्रारब्धावर सोडत नाहीत, वैद्याकडे जातात. प्रारब्धाचा सिद्धांत स्वतःचे दुःख शांतपणे सोसण्याकरिता आहे. दुसऱ्याचे दुःख शांतपणे पाहण्याकरिता तो ऋषींनी सांगितलेला नाही.

चिकपेटेतील त्याच घरात देव्हाऱ्याशेजारी दोन तसबिरी होत्या, एक श्रीतुकाराम महाराजांची आणि दुसरी श्रीपुरंदरदासांची. दोघेही पेढीवरचे, सावकारीचा हिशेब जाणणारे. तुकोबांनी दुष्काळात आपली बायको व मुलगा अन्नावाचून जाताना पाहिला आणि पुढे आपल्या वाट्याची कर्जखते इंद्रायणीत सोडली, असे चरित्रकार सांगतात. पुरंदरदास पूर्वाश्रमी श्रीनिवास नायक, नवकोटी नारायण म्हणून प्रसिद्ध. पुण्याजवळचा पुरंदर गड ही त्यांची मूळ भूमी, असे परंपरेने मानणारे पुष्कळ आहेत. दुसरे मतही आहे. त्यांच्या दारी एक दरिद्री ब्राह्मण मुलाच्या मुंजीकरिता द्रव्य मागायला आला. नायकांनी त्याला नाही म्हटले नाही. 'उद्या या' म्हटले. तो दुसऱ्या दिवशी आला. पुन्हा 'उद्या या'. असे महिने गेले, आणि शेवटी खोट्या नाण्यांवर त्याची बोळवण केली. तो घराच्या मागील दारी गेला. नायकांच्या पत्नीने काहीही न विचारता नाकातील मोरणी काढून त्याच्या हातावर ठेवली. तीच मोरणी तो विकायला नायकांच्याच दुकानात आला. पुढील चमत्काराची कथा कर्नाटकात घरोघर सांगतात. मला त्यात चमत्काराहून मोठे वाटते ते हे की, एकाच घराच्या पुढच्या दाराशी चौकशी होती आणि मागच्या दाराशी मोरणी होती.

दुसऱ्याला उपदेश करणे सोपे, म्हणून माझाही अपराध येथे सांगून टाकतो.

२०२० च्या मार्चअखेर देशभर टाळेबंदी झाली. त्या वेळी मी चिकपेटेतच अडकून पडलो. पेठ बंद, दुकाने बंद, हमाल आणि हातगाडीवाले रस्त्याच्या कडेला बसलेले. याच पेठेपासून पायी जाता येईल अशा रेल्वे स्थानकावर २०१२ च्या ऑगस्टमध्ये अफवांनी भयभीत झालेली ईशान्य भारतातील हजारो मुले-मुली गुवाहाटीच्या गाड्यांत चढली होती; आता गाड्याच नव्हत्या. पुढे मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात, बांधकाम व्यावसायिकांशी बोलणे झाल्यावर, राज्य सरकारने मजुरांच्या गाड्या रद्द करण्याची विनंती रेल्वेला केली आणि टीका होताच दोन-तीन दिवसांत ती मागे घेतली. मजूर आपला वाटला नाही तरी त्याचे हात आपल्याला हवे होते.

आम्ही काही मराठी घरांनी वर्गणी काढून शिधा वाटायचे ठरविले. तांदूळ, तूरडाळ, तेल, मीठ. वही माझ्याकडे होती. मी तिच्यात चार रकाने आखले होते: नाव, माणसे, भाषा, गाव. तिसऱ्या दिवशी चाळिशीचा एक मनुष्य रांगेत आला. मी कानडीत गाव विचारले. तो म्हणाला, यादगीर. मी म्हणालो, "हे आमच्या समाजाच्या लोकांकरिता आहे. सरकारी अन्नछत्र आहे, तिकडे जा." तो काही बोलला नाही. मान हलवून बाजूला झाला.

संध्याकाळी उरलेल्या पिशव्या मोजताना घरच्या मुलाने सहज सांगितले की, सकाळी तरगुपेटेतून आलेली तांदळाची पोती त्याच माणसाने जिन्यावरून वर आणली होती. हमाली दुसऱ्या दिवशी देऊ, असे आमच्यातल्याच कोणीतरी त्याला सांगितले होते.

दुसऱ्या दिवशी मी हमालीचे पैसे आणि दोन पिशव्या घेऊन गल्लीच्या तोंडाशी सकाळपासून बसलो. तिसऱ्या दिवशीही बसलो. इतर हमालांना विचारले. त्यांनी सांगितले की, तो बायकोमुलांसह पहाटे पायी निघाला. बंगळूरहून यादगीर चारशे किलोमीटरहून अधिक दूर आहे. त्याचे नाव त्यांना ठाऊक होते. माझ्या वहीत मात्र गावापुढे फुली होती आणि नावाचा रकाना कोराच होता.