अनुताप कोठवर पुरतो?

मागील महिन्यात नेवाशाकडील एका गावी आमचे कीर्तन झाले. ओघात नगरच्या निजामशाहीची कथा निघाली. आरती झाली, माणसे पांगली, पण एक म्हातारा माळकरी खांबाशी थांबून राहिला होता. म्हणाला, "महाराज, त्या मियाँ मंजूला मागून पस्तावा झाला म्हणालात. मग त्याचे पाप फिटले का नाही?" आम्ही थकलेले. "अनुतापाने काय फिटत नाही बाबा?" असे म्हणून त्याला वाटेला लावले. पण ते उत्तर रात्रभर आम्हालाच टोचत राहिले.

ज्यांना कथा ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. इ. स. १५९५ मध्ये विजापूरकरांशी लढताना इब्राहीम निजामशहा पडला. मूल तान्हे. तेव्हा एका गादीला चार धनी उभे राहिले! चांदबिबीचा कौल त्या तान्ह्या बहादूरला. वजीर मियाँ मंजूने अहमद नावाचा पोर बसवला. हबशी सरदार इखलासखानाने तिसराच एक पोर पुढे केला, आणि चौथा शहा अली तर सत्तरीचा म्हातारा. हबशांनी मंजूला जेरीस आणले, तेव्हा त्याने गुजरातेत असलेल्या अकबरपुत्र मुरादला पत्र धाडले की, या.

पत्र गेले आणि इकडे मंजूनेच हबशांचा मोड केला. आता मोगल कशाला हवे होते? पस्तावा झाला, आणि तो खोटा होता असे आम्ही म्हणणार नाही. पण फौज निघालेली होती. ती डिसेंबर १५९५ मध्ये नगरावर आली. त्याआधीच मंजू किल्ल्याचा भार चांदबिबीवर टाकून, मदत आणतो म्हणून, आपल्या अहमदाला घेऊन औशाकडे निघून गेला होता. याच काळी पैठणास नाथमहाराज देहधारी होते, हे मनात आले की आम्हाला गलबलून येते.

मोगलांनी आल्या आल्या रयतेला अभय दिले. मुराद आणि सेनापती खानखानान यांनी शहरात पहारे बसवले. हा खानखानान म्हणजे ज्याचे दोहे आपण कीर्तनात घेतो तोच रहीम. पण त्यांच्याच शाहबाजखानाच्या माणसांनी शहर लुटले. लोकांचा विश्वास उडाला, घरेदारे टाकून माणसे निघून गेली. आता पाप कोणाचे? शास्त्रकार कृत, कारित आणि अनुमोदित असे तीन भेद करतात : स्वतः केलेले, दुसऱ्याकडून करवलेले, आणि होताना मान डोलावलेले. लूट मुरादने केली नाही, करवलीही नाही. पण ज्याला आपले सरदार आवरत नाहीत, त्याने अभय द्यावेच कशाला? अभय हा शब्द देवाच्या तोंडचा आहे. तो उच्चारल्यावर हाताखालच्या शेवटच्या शिपायाचा हातही आपलाच हात होतो. आणि आवरण्याचे बळ त्यांच्यात होते कोठे? शहाजादा आणि खानखानान यांचे विळ्याभोपळ्याचे सख्य. तटाखाली सुरुंग पेरले, तेही यश आपल्यालाच मिळावे म्हणून खानखानानला कळू न देता हल्ला करण्याचा शहाजाद्याचा बेत!

फेब्रुवारी १५९६ मध्ये त्यातला एक उडाला. तटाला मोठे खिंडार पडले. बाई हाती तलवार घेऊन खिंडारात उभी राहिली आणि रातोरात तट पुन्हा चढवून घेतला. अखेर वऱ्हाड देऊन तह करावा लागला. बोलावणारा औशाकडे, आणि जिने बोलावले नव्हते ती खिंडारात. पुढे इ. स. १६०० मध्ये मोगल पुन्हा आले. आतल्या लोकांचे जीव वाचावे म्हणून तिने किल्ला देण्याची बोलणी काढली, तर हमीदखानाने 'बाई फितूर झाली' अशी हूल उठवली आणि स्वकीयांच्याच जमावाने तिला मारले. काही दिवसांत किल्ला पडला तो पडलाच. नगरजवळच्या डोंगरावर 'चांदबिबीचा महाल' म्हणून जी इमारत दाखवतात, तीही वस्तुतः सलाबतखानाची कबर आहे.

शत्रूशी बोलणे दोघांनी केले. एकाने आपला वारस गादीवर राहावा म्हणून, दुसरीने आतली माणसे जगावी म्हणून. बाहेरून कर्म सारखे दिसते. जमावाला तेवढेच दिसले.

आता त्या माळकऱ्याचा प्रश्न. अनुतापाने जीवाचा मळ जातो, हे संतवचन आम्ही जन्मभर सांगत आलो आणि सांगत राहू. पण तो हिशेब जीव आणि देव यांच्यातला. रागाच्या भरात शेजाऱ्याच्या वावरात पाट फोडला आणि मग बांधावर बसून रडलो, तर रडण्याने पाणी थांबते काय? फावडे घेऊन चिखलात उतरावे लागते. मंजू मदत आणायला गेला हे खरे धरले, तरी त्याची जागा त्या दिवशी तटावर होती.

सकाळी निघताना आम्ही हे त्या म्हाताऱ्याला सांगायला गेलो. तो म्हणाला, "ते कळलं महाराज. पण आमचं काय?" मग सगळे बाहेर आले. काही वर्षांपूर्वी गावात काल्याच्या कीर्तनाच्या मानावरून दोन तट पडले. यांच्या तटाने बाहेरच्या एका पुढाऱ्याला बोलावले. तो निवाडा करायला आला आणि सप्ताह कमिटीचा अध्यक्ष होऊनच बसला. आता वीणा कोणी घ्यायची तेही तोच ठरवतो, आणि दुसऱ्या तटाची माणसे मंडपात येत नाहीत. बोलावणे घेऊन गेला होता हा म्हातारा. "पाया पडायला जाईन त्यांच्या दारी," तो म्हणाला, "पण एकट्याचं पाऊल उचलत नाही."

ज्या बैठकीत तो बेत ठरला, तिथे वडीलधारे म्हणून आम्हीही बसलो होतो, आणि आम्ही मान डोलावली होती. येत्या वद्य एकादशीला आम्ही त्याच्याबरोबर जाणार आहोत.