मोहाखालचा विस्तव



माणसाला आपल्याच कर्माचा परिणाम का दिसत नाही, असा प्रश्न आम्हांस पुष्कळदा विचारला जातो. विचारणाऱ्याच्या मनात त्या वेळी बहुधा शेजारी असतो, पण ते राहू द्या. प्रश्न खरा आहे. आंधळ्याला दिसत नाही हे समजते. पण डोळस, शहाणा, संसार नेटका करणारा माणूस आपल्या हातच्या कर्मापुढे आंधळा होतो, तो कशाने?

गीतेच्या अठराव्या अध्यायात भगवंतांनी तामस कर्माचे लक्षण सांगितले आहे. पुढे काय घडेल, काय नासेल, कोणाला दुखेल, आपल्याला पेलेल की नाही, यातले काही न पाहता मोहाने जे आरंभिले जाते, ते तामस. 'पुढे काय घडेल' याला तेथे अनुबंध असा शब्द आहे. गाडीच्या मागे दोर बांधला तर गाडीवानाला तो दिसत नाही. त्याची नजर बैलांवर असते. पण गाडी जाईल तेथे दोर फरफटत जातोच.

आता हा मोह शब्द ऐकून गोंदियाकडचा माणूस हसेल. सालेकसा, देवरी, अर्जुनी मोरगाव या भागांत मोह म्हणजे आधी झाड. फाल्गुन-चैत्रात पहाटे त्याची फुले टपटपतात आणि घरातली सगळी माणसे टोपल्या घेऊन वेचायला जातात. खाली पाचोळ्याचा थर असतो, त्यात फूल हरवते. म्हणून कोणी कोणी आदल्या दिवशी झाडाखालचा पाला पेटवून देतो. जमीन काळी स्वच्छ होते, त्यावर पिवळसर फूल लख्ख दिसते. टोपली लवकर भरते. माणूस घरी येतो.

विस्तव मात्र घरी येत नाही. तो वाऱ्याबरोबर जातो. एप्रिल २०२१ मध्ये नागझिऱ्याच्या जंगलात वणवा विझवताना तीन वनमजूर प्राणांस मुकले. विस्तव एकदा सुटला की तो कोणाच्या झाडाखालचा, हे कसे ओळखावे?

पण याहून बारीक गोष्ट निराळीच आहे. मोठ्या मोहाची साल जाड, त्याला पाल्याची आच फारशी बाधत नाही. जळते ते त्याच्याखाली उगवलेले वीतभर रोप. बिया तेलासाठी वेचल्या जातातच. त्यांतून चुकून राहिलेली बी रुजते, आणि तिला आपणच जाळतो. मोहाला फुलायला आठ-दहा वर्षे सहज लागतात. म्हणजे ज्या झाडासाठी विस्तव लावला त्याचाच वंश त्या विस्तवाने खुंटतो. हे कोणी दाखवू गेले तर उत्तर ठरलेले: "झाड त उभाच हाये ना जी महाराज!" उभे आहे खरे. आजोबांच्या वेळचे उभे आहे. नातवाचे कोठे आहे?

हा माणूस खोटे बोलत नाही, हे ध्यानात घ्या. 'तू काय केलेस' विचारले तर तो म्हणेल, 'मी पाला झाडला.' त्याच्या मनात तेवढेच होते. येथेच गाठ आहे. आपण कर्माला नाव देतो ते आपल्या गरजेवरून. ते काय करते यावरून देत नाही. माजी मालगुजारी तलावाच्या कडेचा शेतकरी दरसाल हातभर बांध आत सरकवतो आणि म्हणतो, 'बांध नीट केला.' तलाव घेतला, असे तो मनातसुद्धा म्हणत नाही. नाव लहान ठेवले की पापही लहान दिसते. मग परिणाम समोर येऊन उभा राहिला, तरी तो आपला वाटतच नाही. दैवाचा वाटतो, सरकारचा वाटतो.

याच मातीत दुसऱ्या दृष्टीची माणसेही झाली. नवेगावचा बांध अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील कोहळी यांनी घातला, असे सांगतात. डोंगरांमधली जागा पाहून, अजून न पडलेला पाऊस कोणत्या वाटेने येईल हे ज्याला कळले, त्याने अनुबंध पाहिला. तो काही पोथी वाचून बसला नसेल. पण पाणी कोठे जाते, हा प्रश्न त्याने बांध घालण्याआधी विचारला.

कोणी म्हणेल, पोटाला लागलेल्या माणसाला हे ऐकवणे सोपे. बरोबर आहे. मोहफुलांवर ज्याच्या दोन महिन्यांच्या मीठमिरचीची सोय आहे, त्याला दटावणारे आम्ही कोण? माउलींनी पसायदान मागितले तेव्हा दुष्टांचा नाश मागितला नाही, त्यांचा वाकडेपणा जावो एवढेच मागितले. आणि हा बिचारा तर दुष्टही नाही. त्याला शिव्या घालून डोळे येणार नाहीत. झाडाखाली जुने लुगडे किंवा जाळी पसरली, खराट्याने पाला ओढला, तरी फूल मिळते. कष्ट थोडे अधिक पडतात, हे कबूल करूनच सांगावे.

तुकोबांची बीज फाल्गुन वद्य द्वितीयेला येते, मोह गळू लागण्याच्या सुमारासच. त्या भागातल्या कीर्तनकारांना आमची विनंती आहे की, बीजेच्या कीर्तनात निरूपण आटोपले की वडीलधाऱ्यांना एवढेच विचारावे: बाबाजी, तुमच्या धुऱ्यावर मनगटाएवढ्या जाडीचे मोह किती? उत्तर तेथे मागू नये. दुसऱ्या दिवशी पहाटे टोपली घेऊन जातील, तेव्हा त्यांचे त्यांनी मोजावेत.