एलियाला आधी भाकर मिळाली



ज्याला आपण नुसते 'शुगर' म्हणतो, तो मधुमेह आता घरोघरी आहे. गोड टाळावे, गोळी चुकवू नये, एवढे आपल्याला ठाऊक असते. परंतु हा आजार पोटाला आणि मनालाही धरतो, हे आपण क्वचितच बोलतो.

रक्तातील साखर वर्षानुवर्षे वाढलेली राहिली, तर पायांच्या नसांप्रमाणे जठर चालविणाऱ्या नसांनाही इजा होऊ शकते. मग अन्न जठरात रेंगाळते. दोन घासांत पोट भरते, मळमळते, कधी बद्धकोष्ठ, तर कधी जुलाब. मेटफॉर्मिनच्या गोळीनेही काहींचे पोट बिघडते. त्यातून धास्ती लागते आणि धास्तीने पोट आणखी बिघडते. माणूस लग्नाचे जेवण टाळतो, मिस्सेला दाराजवळच्या शेवटच्या बाकावर बसतो आणि एक दिवस येणेच सोडतो. मधुमेही व्यक्तींमध्ये नैराश्य इतरांपेक्षा सुमारे दुप्पट आढळते. आपण मात्र म्हणून जातो, याची श्रद्धाच कमी पडते!

एलिया संदेष्ट्याची श्रद्धा काय कमी होती? तरीही ईजबेल राणीच्या भीतीने तो रानात पळाला आणि झुडुपाखाली बसून त्याने मरण मागितले. राजांच्या पहिल्या ग्रंथाच्या १९व्या अध्यायात हे आपण वाचतो. देवदूताने त्याची कानउघाडणी केली नाही. त्याने भाकर आणि पाणी पुढे केले, झोपू दिले, पुन्हा जेवू घातले. त्यानंतरच एलिया ४० दिवस चालून होरेब डोंगरावर गेला. संत पौलानेही तीमथ्याच्या पोटाच्या तक्रारीची दखल घेऊन त्याला उपाय सुचविला होता.

ख्रिस्तसभा हीच माया दाखविते. १९८३च्या कायदेसंहितेतील ९१९व्या कलमानुसार ख्रिस्तप्रसादापूर्वीच्या एक तासाच्या उपवासातून वृद्धांना, आजाऱ्यांना आणि त्यांची शुश्रूषा करणाऱ्यांना सूट आहे. पाण्याने व औषधाने तर तो कोणाचाच मोडत नाही. साखर उतरू नये म्हणून काही खाल्ले, तर मधुमेही व्यक्तीने ख्रिस्तप्रसादापासून दूर राहू नये.

म्हणून आपण काय करावे? पोटाचा त्रास आणि मनाची उदासी, दोन्ही डॉक्टरांना मोकळेपणाने सांगावी. परस्पर गोळ्या बंद करू नयेत. घरातील माणूस ताटावरून उठला, तर "नखरे करू नकोस" असे म्हणू नये. कोणी जगणे नकोसे झाल्याचे बोलला, तर त्याला एकटे सोडू नये, लगेच डॉक्टरांकडे न्यावे. गंभीर आजारात रुग्णाभ्यंग संस्कारही मागावा; त्यासाठी शेवटच्या घटकेची वाट पाहण्याची गरज नाही.

आज मिस्सेमधून कोणी मध्येच उठून बाहेर गेला, तर आपण मागे वळून पाहू नये. तो परत येईल तेव्हा त्याला बाकावर जागा मिळावी, एवढे पाहावे. रानात एलियाजवळ आलेला प्रभू आपल्या आजारी बंधुभगिनींजवळही राहो आणि त्यांच्यासाठी भाकर घेऊन जाणारे हात आपले असोत. आमेन.