अंथरुणात पडून झोपेशी भांडू नकोस

पुस्तक मीट आणि वर बघ. डोळे लाल, हाताला कंप, आणि परवाच्या सराव परीक्षेत चार सोपी गणितं चुकलेली. विचारलं की तुझं एकच, "सर, पडलो की विचार सुरू होतात, झोपच लागत नाही." दोन महिने ऐकून घेतलं. आज मी बोलतो.

सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत सकाळी आठला शिरतोस, रात्री अकराला निघतोस. खुर्ची, मेस, पुन्हा खुर्ची, मग खोली. ऊन अंगावर पडतं कधी? गावी होतास तेव्हा उसाला पाणी द्यायला जायचास, सायकलनं कॉलेज गाठायचास आणि पाठ टेकली की घोरायचास, हे तूच मला सांगितलंस. घरची काळजी तेव्हा नव्हती का? वडिलांच्या डोक्यावर कर्ज तेव्हाही होतंच. पण अंग थकत होतं. आता नुसतं डोकं शिणतं, अंग तसंच पडून राहतं.

चिंतेनं झोप उडते, झोप उडाली की दुसऱ्या दिवशी चिंता दुप्पट होते. हा फास मनाला समजावून सुटत नाही; रात्रभर समजावून पाहिलंस ना? शरीराकडून सुरुवात कर. दमदार चालण्यानं मनावरचा ताणही उतरतो आणि झोपही गाढ होते. सकाळच्या उजेडानं शरीराचं घड्याळ जागेवर येतं. जागेपणी मेंदूत अ‍ॅडेनोसिन साठत जातं, त्यानं झोप दाटते; चहातलं कॅफिन नेमकं तेच अडवतं. रात्री नऊला प्यायलेल्या चहातलं साधारण निम्मं कॅफिन मध्यरात्रीनंतरही अंगात असतं. दुपारनंतरचा चहा आजपासून बंद.

वेळ नाही म्हणू नकोस. रात्री एक ते चार छताकडे बघत पडतोस, तो वेळ कुणाचा? जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटं दमदार चालण्यासारखा व्यायाम सांगते. अर्धा तास, पाच दिवस. गेल्या वर्षी दोन दिवस पळालास, पोटऱ्या दुखल्या, "उपयोग नाही" म्हणून सोडलंस. दोन दिवसांत अभ्यासक्रम तरी संपतो का? काही आठवडे द्यावे लागतात. आधी चाल, मग सूर्यनमस्कार. मात्र झोपायच्या तोंडावर दमछाक करायची नाही.

आता हे नीट ऐक. जेवण जात नसेल, उठावंसंच वाटत नसेल, जगणं नको वाटत असेल, तर नुसत्या चालण्यावर भागवायचं नाही. डॉक्टरांकडे जायचं. रात्री-अपरात्री १४४१६ हा टेली-मानसचा क्रमांक आहे, २०२२ पासून सुरू असलेली सरकारी सेवा, मोफत. फोन करायला लाजायचं नाही. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या तर आपल्या मनानं बंद करायच्या नाहीत. व्यायाम त्यांच्या जोडीला असतो, त्यांच्या जागी नाही. आणि खोलीतल्या मित्राकडून झोपेची गोळी मागून घेतलीस, हे मला कळलंय. पुन्हा घेतलीस तर गाठ माझ्याशी आहे.

वीस वर्षं या पेठेत शिकवतोय. हुशार पोरं रात्री जागून जागून खचलेली मी पाहिली आहेत. त्यांना वेळेवर बोललो नाही, ते मला अजून सलतं.

उद्या पावणेसहाला पर्वतीच्या पायथ्याशी ये. बूट नसतील तर चपला घालून ये. मी तिथे उभा असेन.